मांडीवरचा प्रवासी

विमानात लहान मूल रडू लागलं की आजूबाजूच्या मोठ्या माणसांचा जो चेहरा होतो, तो माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. गेली एकवीस वर्षं मी बँकेच्या काउंटरवर बसतो. ‘नेटवर्क गेलंय, दुपारून या’ असं म्हटलं की काचेच्या पलीकडे नेमका हाच चेहरा उगवतो. फरक एवढाच, की काउंटरपुढच्या माणसाची तक्रार रास्त असते. पैसे त्याचे असतात आणि ते त्याला मिळत नसतात. विमानातल्या माणसाचं मात्र काहीच गेलेलं नसतं. गेली तर झोप, आणि तीही बसल्या बसल्या, मान लटकवून, तोंड उघडं टाकून घ्यायची. असल्या झोपेबद्दल आमच्या बँकेत तरी कोणी कुरकुरल्याचं मला आठवत नाही.

प्रस्तुत लेख विमानात रडणाऱ्या मुलांच्या बाजूने लिहिला आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी बी.कॉम. आहे. नावे आणि जमा या दोन्ही बाजू सारख्या ठेवण्याबद्दल मला दर महिन्याला पगार मिळतो. घरी आल्यावर तेच काम फुकटात करण्याची माझी इच्छा नाही. शिवाय दुसरी बाजू मांडणारे पुष्कळ आहेत. त्यांतले एक तर आमच्याच शाखेत, काचेच्या केबिनमध्ये बसतात.

हे आमचे साहेब मागे एकदा मुलाकडे कॅनडाला जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी स्टाफला एकेक चॉकलेट दिलं आणि जेवणाच्या सुट्टीत प्रवासवर्णन सुरू केलं. नायगारा दीड मिनिटात आटोपला. बर्फ पाव मिनिटात वितळला. पण परतीच्या विमानात त्यांच्या मागच्या ओळीत एक बाळ होतं, ते सुट्टी संपली, डबे धुऊन झाले, तरी रडतच होतं.

“अहो, सहा तास! सहा तास रडलं ते पोरगं!” साहेब म्हणाले. “मी म्हणतो, दोन वर्षांखालच्या पोरांना विमानात घ्यायचंच कशाला? सरळ नियम करा ना!”

“त्याची आई काय करत होती, साहेब?” आमच्या कॅशिअरबाईंनी विचारलं.

“ती काय करणार? तीही रडत होती.”

यावर सगळे हसले. साहेबांच्या विनोदाला हसणं हा सेवाशर्तींचा भाग आहे. पण कॅशिअरबाई हसल्या नाहीत आणि मीही हसलो नाही. कारण अशा आईच्या शेजारच्या खुर्चीत बसून मी अर्धं जग ओलांडलेलं आहे.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिचं सासर धुळ्याचं. २०२३ च्या नोव्हेंबरात ती दोन मुलांना घेऊन आली. मोठी चार वर्षांची, धाकटा तेरा महिन्यांचा. जावईबापूंना आठच दिवसांची रजा होती, ते पुढे निघून गेले. तेव्हा परतीला बहिणीला पोचवायला मी जावं असं ठरलं. सरकारी बँकेतल्या कारकुनाला परदेशी जायचं तर ऑफिसचं ना-हरकत पत्र लागतं. ते पत्र वरून खाली येईपर्यंत त्या धाकट्याला दोन दात आले. व्हिसा मात्र माझ्याकडे आधीचा होता, नाहीतर तो दाढाही घेऊन निघाला असता.

आता परदेशप्रवास म्हटलं की लोकांना वाटतं, तो विमानात बसल्यावर सुरू होतो. मुंबईकरांचा होत असेल. आमचा खान्देशातल्या माणसाचा प्रवास विमानात बसेपर्यंत अर्धा संपलेला असतो. जळगावला विमानतळ आहे, नाही असं नाही. २०१२ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईचं विमान सुरू झालं, मग बंद पडलं, मग दुसऱ्या कंपनीचं सुरू झालं, मग तेही बंद पडलं, पुन्हा २०२४ साली नवीन आलं. धुळ्याजवळ गोंदूरलाही धावपट्टी आहे. पण जळगावहून काय किंवा गोंदूरहून काय, अमेरिकेला जाता येत नाही. तेव्हा आधी आगगाडीने मुंबई, म्हणजे चारशे वीस किलोमीटर. मग टॅक्सी. मग विमानतळावर तीन-चार तास आधी हजेरी. मग ओळी. सामानाची ओळ, पासपोर्टाची ओळ, तपासणीची ओळ. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने पंधरा-सोळा तास लागतात, आणि स्वस्त तिकीट काढलं तर मध्ये एक आखाती शहर आणि आणखी काही तास. म्हणजे साहेबांच्या मागच्या ओळीत जे बाळ रडायला सुरुवात करतं, ते काही ताजंतवानं नसतं. ते आदल्या दिवसापासून ड्यूटीवर असतं. ओव्हरटाइमशिवाय.

तपासणीच्या ओळीतच पहिली वकिली करावी लागते. २००६ साली लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून शंभर मिलिलिटरच्या वर कुठलाही द्रव पदार्थ हातातल्या पिशवीतून नेता येत नाही. बाळाच्या दुधाला सूट आहे. पण सूट आहे हे नियम करणाऱ्याला ठाऊक असतं, आईला ठाऊक असतं, आणि मधल्या माणसाला ते पटवून द्यावं लागतं. माझ्या बहिणीने कडेवर एक, हाताला एक, अशा अवस्थेत ते पटवून दिलं. बाटलीतलं दूध तिने स्वतः पिऊन दाखवलं. स्वतःच्या पैशांसाठी पासबुक, आधार आणि अंगठा दाखवणारे आमचे खातेदार त्या क्षणी मला फार जवळचे वाटले.

पुढे विमान उडालं आणि धाकट्याने सूर लावला. लागलीच दोन ओळी पुढच्या एका सद्गृहस्थांनी डोक्यावरचं बटण दाबून हवाई सुंदरीला बोलावलं आणि त्या मुलीने येऊन माझ्या बहिणीला अदबीने विचारलं, “मॅडम, बाळाला जरा शांत करता का?” जणू काही बाळाच्या पाठीवरही तसंच एक बटण असतं आणि आम्ही ते मुद्दाम दाबत नव्हतो!

मूल का रडतं, हे या सद्गृहस्थांनी समजून घ्यावं. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून जात असतं. आतली हवा जमिनीसारखी ठेवत नाहीत. सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तितपत विरळ ती असते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते साधारण ५४०० फूट. म्हणजे तेरा महिन्यांच्या मुलाला वीस मिनिटांत कळसूबाईच्याही वर नेऊन बसवायचं आणि वर त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. खरा त्रास उतरताना. बाहेरचा दाब वाढत जातो, कानाचा पडदा आत ओढला जातो, आणि कान व घसा यांना जोडणारी बारीक नळी उघडली तरच दोन्हीकडचा हिशेब जुळतो. मोठा माणूस जांभई देतो, आवंढा गिळतो, गोळी चघळतो. बाळाची नळी अरुंद, आणि जांभई कधी द्यायची याचं परिपत्रक त्याला मिळालेलं नसतं. त्याला कानात कळ येते आणि ते रडतं. कानात कळ आली तर आमचे साहेब काय करतील, हे मी लिहीत नाही. कारण गोपनीय अहवाल त्यांच्या हातात आहे.

यावर शहाण्या माणसांकडे एक तोडगा असतो. “झोपेचं औषध पाजा ना थोडंसं! सर्दीचं सिरप पाजलं की कसं गप्प पडतं बघा.” हा सल्ला आम्हाला आगगाडीत एकदा आणि विमानतळावर दोनदा मिळाला. तिन्ही वेळा देणारा डॉक्टर नव्हता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ सालीच बजावून ठेवलं आहे, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची बाजारी औषधं देऊ नयेत, जिवावर बेतू शकतं. आपल्याकडेही २०२३ च्या डिसेंबरात औषध नियंत्रकांनी सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापायला लावला. म्हणजे दोन ओळी पुढच्या गृहस्थाला डुलकी लागावी म्हणून मागच्या ओळीतल्या बाळाला औषध! याच न्यायाने बँकेतली गर्दी आवरायची झाली तर खातेदारांना भूल द्यावी लागेल.

विमान कंपन्यांनी मात्र या गृहस्थांचं दुःख ओळखलं आहे. दुःख ओळखलं की त्याचा दर ठरवता येतो, हे आम्हा कॉमर्सवाल्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात. २०१३ साली एअरएशिया एक्सने विमानात शांत विभाग काढला. २०१६ साली आपल्या इंडिगोने ओळ १ ते ४ आणि ११ ते १४ यांत बारा वर्षांखालच्या मुलांना बसवणार नाही असं जाहीर केलं. २०२३ साली कोरेंडन नावाच्या कंपनीने ॲम्स्टरडॅमहून कुरासाव बेटाला जाणाऱ्या विमानात सोळा वर्षांखालच्यांना बंदी असलेला भागच आखला आणि तिथे बसायचे माणशी ४५ युरो जादा लावले. आता ओळ ४ शांत आणि ओळ ५ अशांत, हे ओळींना समजलं, पण आवाजाला कोण समजावणार? चौथ्या ओळीच्या पाठीशी आल्यावर आवाज काय बूट काढून परत फिरतो? आमच्या गल्लीतल्या लग्नाचा डीजे नगरपालिकेची हद्द ओलांडून शेतातल्या केळीपर्यंत पोचतो. अकरा ते चौदा ओळी शांत आणि दहा व पंधरा या ओळींत पाळणाघर, ही योजना ज्याने काढली त्याला घरी मूल नसावं किंवा घरी जायला वेळ नसावा.

जपान एअरलाइन्सने २०१९ साली आणखी पुढची सोय केली. जागा निवडायच्या तक्त्यावर दोन वर्षांखालचं मूल जिथे बसणार, तिथे बाळाच्या चेहऱ्याचं चिन्ह दिसू लागलं. म्हणजे लोकांनी त्या खुर्चीपासून लांब बसावं. माझी या योजनेला हरकत नाही. फक्त ती पुरी करा. घोरणाऱ्यांचं चिन्ह काढा. बूट काढून पाय मोकळे करणाऱ्यांचं काढा. मोबाइलवर आलेले सुविचार आवाज मोठा करून ऐकणाऱ्यांचं काढा. चाकं जमिनीला टेकताच उभं राहून दुसऱ्याच्या डोक्यावर बॅग पाडणाऱ्यांचं काढा. मग तक्ता एकदा डोळ्यांसमोर धरा आणि बघा, सगळ्या विमानात शेजारी म्हणून बसावंसं वाटेल असं त्या बाळाशिवाय कोणी उरतं का ते.

आणि वागणुकीचाच हिशेब मांडायचा असेल तर तोही मांडू. २०२२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या विमानात, दारू घेतलेल्या एका पुरुषाने एका वृद्ध सहप्रवासी बाईंच्या अंगावर लघुशंका केल्याची तक्रार झाली. वर्तमानपत्रांतून ते प्रकरण गाजलं, त्या माणसाला अटक झाली. हा प्रवासी बारा वर्षांचा नव्हता, सोळाचाही नव्हता. दोन वर्षांच्या आतल्या एकाही नागरिकावर विमानात असा आरोप झाल्याचं माझ्या वाचनात नाही. तो नागरिक डायपर बांधून प्रवास करतो. तरीपण बंदी कोणाला घालावी याची चर्चा निघाली, की मंडळींची बोटं पाळण्याकडे!

या बोटांचा परिणाम काय झाला पाहा. २०१९ साली सोलहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या विमानात एका आईने चार महिन्यांच्या बाळाच्या वतीने दोनशेहून जास्त प्रवाशांना पुड्या वाटल्या. पुडीत चॉकलेटं, कानात घालायचे बोळे, आणि बाळ रडलं तर माफ करा अशी चिठ्ठी. जगभर त्या आईचं कौतुक झालं. मला त्या बाईंबद्दल आदरच आहे. पण कौतुक करणाऱ्यांचा मला भयंकर राग आहे. चार महिन्यांचं मूल सांभाळत, परदेशी निघायची तयारी करत, त्या बाईने दोनशे पुड्या बांधल्या! त्या का बांधल्या? तर वर सांगितलेल्या चेहऱ्याला भिऊन. आमच्याकडे मूल झालं की पेढे वाटतात. मूल रडलं म्हणून पेढे वाटायची पद्धत अजून जळगावात आलेली नाही, आणि ती येऊ नये म्हणून मी हा लेख लिहितो आहे.

कारण आमच्याकडे अजून आगगाडी आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या डब्यात मूल रडलं तर काय होतं? आधी समोरच्या बाकावरच्या आजीबाई विचारतात, “काय गं, पोट दुखतंय का त्याचं?” मग वरच्या बर्थवरून कोणीतरी हिंगाची डबी देतं. पाचोरा येईपर्यंत मूल तिसऱ्या मांडीवर असतं. चाळीसगावला ते खिडकीशी, मनमाडला ते दुसऱ्याच कुटुंबात, आणि दोन बर्थच्या साखळ्यांना आईची साडी बांधून झोळी तयार! केळं तर काय, मागावंही लागत नाही. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण रडत्या पोराच्या हातात केळं देण्याचं शास्त्र त्याच्याही आधीचं आहे. इथे गर्दी जास्त, उकाडा जास्त, आवाज जास्त. आणि तक्रार मात्र शून्य. विमानात माणसाने लाखभर रुपये मोजलेले असतात, म्हणून त्याला वाटतं की आपण शांतता विकत घेतली आहे. तिकीट नीट वाचावं. त्यावर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचा करार असतो, शांततेचा नव्हे.

आमच्या आईला मी हा सगळा प्रकार सांगितला. ती शिरपूरकडची. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पोऱ्या रडस ते रडू द्या. त्याना तोंडले काय कुलूप लावानं?” विमान वाहतुकीवर अहिराणीत झालेलं एवढं भाष्य माझ्या मते पुरेसं आहे.

पण आवाजापेक्षा मोठी गोष्ट पुढेच आहे. तिच्याबद्दल केबिनमधले साहेब लोक बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो.

मुंबईच्या विमानतळावर आमच्या हातात पासेस पडले, तेव्हा बहीण आणि धाकटा ओळ २४ मध्ये, मी ३८ मध्ये आणि चार वर्षांची भाची ३१ मध्ये, दोन परक्या माणसांच्या मधोमध. मी काउंटरवरच्या तरुणाला म्हटलं, “अहो, ती चार वर्षांची आहे.” तो म्हणाला, “सर, सिस्टीमने दिलंय. शेजारची जागा हवी असेल तर आधी पैसे भरून निवडावी लागते.” सिस्टीमने दिलंय, हे वाक्य मी स्वतः दिवसातून चाळीस वेळा बोलतो, त्यामुळे त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. अर्थ असा, की कोणीतरी माणसाने ठरवलंय, पण तो समोर येणार नाही. शेवटी विमानात एका कॉलेजकुमाराने जागा बदलून दिली आणि आमचं कुटुंब एकत्र आलं. पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना बजावलं, की एकाच तिकीट-क्रमांकावर जाणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी. चार वर्षांच्या मुलीला आईजवळ बसवावं, हे सांगायला सरकारला पत्र काढावं लागलं! एकीकडे मुलांना मोठ्यांपासून लांब ठेवायचे जादा पैसे, दुसरीकडे आपल्याच मुलाला जवळ ठेवायचे जादा पैसे. दोन्ही बाजूंनी कमिशन घेणारा दलाल मी आजवर फक्त धान्य बाजारात पाहिला होता.

आणि त्या तेरा महिन्यांच्या धाकट्याची जागा कुठे होती? त्याला जागाच नव्हती. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचं परदेशी तिकीट साधारण मोठ्याच्या दहा टक्के असतं आणि त्या दहा टक्क्यांत खुर्ची येत नाही. मांडी येते. मांडीही प्रवाशाने घरून आणायची असते. स्वतंत्र खुर्ची हवी तर मुलाचं तिकीट काढा, ते बहुधा मोठ्याच्या पाऊणपट. समजा तिकीट एक लाखाचं. मांडीवर दहा हजार, खुर्चीत पंच्याहत्तर हजार. मधला फरक पासष्ट हजार. कुठलीही मध्यमवर्गीय आई काय निवडणार? पाळणा मिळतो म्हणतात. तो पहिल्या ओळीपुढच्या भिंतीला टांगतात, दोन-चारच असतात, वजनाची मर्यादा असते, आणि पट्ट्याचा दिवा लागला की झोपलेलं मूल उचलून पुन्हा मांडीवर घ्यावं लागतं. म्हणजे विमान हलायला लागलं की मुलाची रवानगी पाळण्यातून मांडीवर!

उतरायच्या आधी विमानात काय होतं ते आठवा. खुर्च्या सरळ करायला लावतात. पुढचं टेबल मिटायला लावतात. लॅपटॉप बॅगेत, बॅग खुर्चीखाली. चहाचा कागदी कपसुद्धा काढून नेतात, कारण धक्का बसला तर तो कोणाला लागेल. गरम पाण्याची किटली कडी लावून बंद होते. साऱ्या विमानात न बांधलेली एकच वस्तू उरते, ती म्हणजे आईच्या हातातलं मूल. काही देशांत आईच्या पट्ट्याला अडकवायचा छोटा पट्टा तरी देतात. अमेरिकेत तोही नाही. तिथे आईचे हात हाच पट्टा.

हात किती धरून ठेवू शकतात, याचा दाखला आहे. १९ जुलै १९८९. डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं विमान, शेपटीतलं इंजिन फुटून, आयोवातल्या सू सिटीला कोसळत उतरलं. आत २९६ माणसं होती. त्यांत चार मुलं मांडीवरची. त्या काळच्या शिकवणीप्रमाणे आयांना सांगण्यात आलं, की मुलाला पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून बसा. १८४ माणसं वाचली. मांडीवरच्या चौघांपैकी एक मुलगा गेला. सेवकवर्गाच्या प्रमुख जॅन ब्राउन या बाई त्यातून वाचल्या आणि पुढे वर्षानुवर्षं एकच मागणी करत राहिल्या, की प्रत्येक मुलाला खुर्ची आणि पट्टा द्या. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी मंडळानेही हेच सुचवलं. पण तिथल्या विमान प्रशासनाने २००५ साली हिशेब मांडून नकार दिला. हिशेब असा : खुर्चीचे पैसे सक्तीने घेतले तर कुटुंबं विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावर विमानापेक्षा जास्त माणसं मरतात. त्यापेक्षा आहे ते बरं. खुर्ची घेणं उत्तम, असा सल्ला मात्र ते स्वतःच देतात.

मी हिशेबाचा माणूस आहे. डेन्व्हर ते शिकागो या प्रवासापुरता हा हिशेब मला समजतो. पण जळगाव ते न्यू जर्सी? खुर्ची महाग झाली म्हणून माझी बहीण काय धुळ्याहून जीप करून अमेरिकेला जाणार आहे? सुरतेपर्यंत रस्ता आहे, पुढे समुद्र लागतो! समुद्रापलीकडच्या प्रवासाला मोटारीचा पर्यायच नाही, तेव्हा त्या नकाराचं कारणही इथे लागू नाही. इथे उरतो तो फक्त भाड्याचा प्रश्न. शांत बसायचे ४५ युरो लावता येतात, तर पट्ट्यात बांधलेल्या तान्ह्या मुलाला अर्ध्या-पाव दरात खुर्ची का देता येऊ नये? दहा टक्के आणि पंच्याहत्तर टक्के यांच्यामध्ये गणितात पुष्कळ आकडे आहेत. आमच्या बँकेत व्याजाचे दर पाव टक्क्याने हलतात. हे एकदम पासष्टने उडी मारतात, आणि त्या उडीत मूल निसटतं.

“मग नाही न्यायची लहान मुलं!” असं साहेबांसारखी मंडळी म्हणतात. “दोन-तीन वर्षं थांबलं तर काय बिघडतं?”

काय बिघडतं ते ऐका. माझ्या बहिणीची रजा बावीस दिवसांची. त्यांतले अकरा दिवस जळगावला आईकडे, अकरा दिवस धुळ्याला सासरी. मधे पारोळ्यामार्गे नव्वदएक किलोमीटर. अशी भेट दोन वर्षांतून एकदा. धुळ्याचे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. रोज संध्याकाळी ते मोबाइलवर नातवाला बघतात. “आजोबांना पापी दे” म्हटलं की तिकडे तो काचेला ओठ लावतो, इकडे हे काचेला गाल लावतात, आणि दोन्हीकडची काच पुसायची राहते. त्या अकरा दिवसांत तो नातू त्यांच्या अंगणात चालायला शिकला. पहिली पाच पावलं खाटेपासून आजोबांच्या गुडघ्यापर्यंत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला ‘दोन-तीन वर्षं थांबा’ असं आम्ही बँकेतही सांगत नाही. त्याला मुदतठेवसुद्धा विचारून देतो. त्या आजोबांपर्यंत पोचायला त्या मुलाला कळसूबाईच्या वर जावं लागतं, कान दुखवून घ्यावे लागतात आणि अनोळखी माणसांचे डोळे सोसावे लागतात. तो रडला, यात नवल नाही. बाकीचे दोनशे प्रवासी इतका वेळ न रडता कसे बसतात, याचंच मला नवल वाटतं.

तेव्हा संबंधितांनी पुढील बाबींची नोंद घ्यावी. एक, दोन वर्षांखालच्या मुलाला समुद्रापलीकडच्या प्रवासात परवडेल अशा दरात स्वतःची खुर्ची आणि पट्टा मिळावा, आणि ही गोष्ट कंपनीच्या मर्जीवर न सोडता सरकारने ठरवावी. दोन, मुलाला आईजवळ बसवण्याचे पैसे जगातल्या कुठल्याही कंपनीने घेऊ नयेत. तीन, शांत विभाग काढायचाच तर तो जमिनीवर काढावा, म्हणजे ज्यांना शांतता हवी त्यांना तिथेच ठेवून विमान निघू शकेल. चार, कुठल्याही आईने कुठल्याही प्रवाशाला पुडी बांधून देऊ नये. माफीची तर नाहीच नाही.

पाचवी बाब सरकारसाठी नाही, ती तुमच्या-आमच्यासाठी आहे आणि तिला खर्च शून्य आहे. उद्या तुम्ही मुलाकडे, मुलीकडे, कुठेही निघालात आणि मागच्या ओळीत मूल रडू लागलं, तर डोक्यावरचं बटण दाबू नका. उठा. आपल्या आगगाडीच्या डब्यात जे करतो तेच करा. दोन्ही हात पुढे करा आणि त्या आईला म्हणा, “दे गं इकडे जरा. तू दोन घास खाऊन घे.”